हृदयगतीच्या आधारे व्यायामाच्या तीव्रतेचे नियमन : सूत्रे, मर्यादा व व्यवहार

सारांश :
व्यायामाची तीव्रता ठरविण्यासाठी हृदयगतीचा उपयोग गेली अनेक दशके केला जात आहे. व्यायामशाळांतील तक्ते, शारीरिक शिक्षणाची क्रमिक पुस्तके आणि मनगटी उपकरणे यांत '२२० वजा वय' हे सूत्र प्रमाण मानलेले आढळते. प्रस्तुत लेखात हृदयगती व श्रम यांचा शारीरक्रियात्मक संबंध, कमाल हृदयगतीच्या विविध सूत्रांचा उगम आणि त्यांतील त्रुटी यांचे विवेचन केले आहे. सूत्राने मिळणारा आकडा ही समूहाची सरासरी असते. व्यक्तीच्या बाबतीत तो श्वसन, संभाषणक्षमता व श्रमाची जाणीव यांच्याशी पडताळून घेतल्याखेरीज वापरणे योग्य नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : हृदयगती, व्यायामतीव्रता, कमाल हृदयगती, राखीव हृदयगती, श्रमजाणीव.

१. प्रस्तावना :
व्यायाम किती वेळ केला हे घड्याळ सांगते, किती अंतर चालून झाले हे मैदानाच्या फेऱ्यांवरून कळते; परंतु तो किती जोराने केला हे ठरविणे तितके सोपे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेचा, अथवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस तीव्रतेचा व्यायाम करणे हितावह आहे. यातील मिनिटांचा अर्थ सर्वांना समजतो. 'मध्यम' आणि 'जोरकस' या शब्दांचा अर्थ मात्र व्यक्तीगणिक बदलतो. पंचविशीतील खेळाडूस जे चालणे विश्रांतीसमान वाटते, तेच पन्नाशीतील बैठे काम करणाऱ्या व्यक्तीस धाप लावणारे ठरू शकते.

महाविद्यालयीन परिसरात हा प्रश्न दोन रूपांत समोर येतो. एकीकडे पोलीस भरतीच्या १६०० किंवा ८०० मीटर धावण्याची तयारी करणारे विद्यार्थी व विद्यार्थिनी असतात, तर दुसरीकडे रक्तदाब किंवा मधुमेहाचे निदान झाल्यानंतर वैद्यकीय सल्ल्याने प्रथमच व्यायामाकडे वळलेले प्राध्यापक व कर्मचारी असतात. भिंतीवरचा एकच तक्ता या दोघांसाठी वापरला गेल्यास एकाचा व्यायाम निष्फळ होण्याची, तर दुसऱ्याचा धोकादायक होण्याची शक्यता राहते. म्हणूनच हृदयगतीचा आकडा नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे स्पष्ट होणे आवश्यक आहे.

२. हृदयगती व श्रम यांचा संबंध :
स्नायू काम करू लागले की त्यांची प्राणवायूची गरज वाढते आणि ती भागविण्यासाठी हृदयास अधिक रक्त पुरवावे लागते. विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ व्यक्तीचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त बाहेर टाकते. निरोगी तरुणात तीव्र व्यायामाच्या वेळी हे प्रमाण २० लिटरपर्यंत जाऊ शकते. ही वाढ दोन मार्गांनी होते : प्रत्येक ठोक्यागणिक अधिक रक्त बाहेर टाकून आणि ठोक्यांची संख्या वाढवून. सामान्य, अप्रशिक्षित व्यक्तीत पहिला मार्ग मध्यम श्रमाच्या आसपासच बहुतांशी संपतो. त्यापुढील वाढ मुख्यत्वे ठोक्यांच्या संख्येवर अवलंबून राहते. परिणामी कमाल क्षमतेच्या खालील बऱ्याच मोठ्या टप्प्यात हृदयगती आणि प्राणवायूचा वापर हे जवळजवळ सरळ रेषेत वाढतात. प्राणवायूचा वापर मोजण्यास प्रयोगशाळा लागते. नाडी मोजण्यास मात्र बोट आणि सेकंदकाटा पुरतो. हृदयगतीचे व्यावहारिक महत्त्व या साध्या गोष्टीत आहे.

हृदयाच्या नैसर्गिक गतिकारकाचा स्वतःचा वेग तरुण वयात मिनिटाला सुमारे १०० ठोके असतो. विश्रांतीत परानुकंपी मज्जासंस्था त्याला लगाम घालते. व्यायाम सुरू होताच प्रथम हा लगाम सैल होतो आणि नंतर अनुकंपी मज्जासंस्था व ॲड्रेनलिनसारखी संप्रेरके गती आणखी वाढवितात. नियमित व्यायामाने विश्रांतीतील हृदयगती कमी होते, तशीच ठरावीक श्रमासाठी लागणारी हृदयगतीही कमी होते. कमाल हृदयगती मात्र सरावाने वाढत नाही. ती प्रामुख्याने वयानुसार घटते. त्यामुळे एखाद्याची कमाल हृदयगती अधिक असणे हे त्याच्या तंदुरुस्तीचे लक्षण मानता येत नाही.

३. सूत्रांचा उगम :
तीव्रतेची टक्केवारी काढावयाची तर कमाल हृदयगती ठाऊक असली पाहिजे. ती प्रत्यक्ष मोजण्यासाठी व्यक्तीस पूर्ण थकेपर्यंत श्रम करावे लागतात. हे प्रत्येकास शक्य किंवा सुरक्षित नसल्याने वयावरून अंदाज बांधण्याची पद्धत रूढ झाली.

'२२० वजा वय' या सूत्राचा उल्लेख सामान्यतः सॅम्युएल फॉक्स, जॉन नॉटन व विल्यम हॅस्केल यांच्या १९७१ मधील लेखाकडे नेला जातो. हृदयरोग प्रतिबंधाविषयीच्या त्या लेखात विविध अभ्यासांतून उपलब्ध असलेले आकडे आलेखावर एकत्र मांडलेले होते आणि त्यांमधून एक ढोबळ रेषा सुचविली होती. रॉबर्ट रॉबर्ग्ज व रॉबर्टो लँडवेर यांनी २००२ मध्ये या सूत्राच्या इतिहासाचा मागोवा घेतला, तेव्हा त्यामागे या हेतूने केलेले कोणतेही मूळ संशोधन आढळले नाही. तथापि सूत्र लक्षात ठेवण्यास सोपे, वजाबाकी तोंडी करता येण्याजोगी. त्यामुळे ते पाठ्यपुस्तकांत, व्यायामशाळांत आणि पुढे उपकरणांत रुजले. फिनलंडमधील पोलार या कंपनीने १९८२ मध्ये अंगावर वापरता येणारा बिनतारी हृदयगतीमापक बाजारात आणल्यानंतर तर टक्केवारीनुसार व्यायाम करण्याची पद्धत खेळाडूंच्या वर्तुळाबाहेरही पसरली.

पुढील काळात अधिक भक्कम आधारावर अन्य सूत्रे मांडली गेली. हिरोफुमी तनाका व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ३५१ अभ्यासांतील १८,७१२ व्यक्तींची माहिती एकत्रित करून '२०८ वजा वयाच्या ०.७ पट' हे सूत्र दिले. मार्था गुलाटी व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ५,४३७ स्त्रियांच्या चाचण्यांवरून स्त्रियांसाठी '२०६ वजा वयाच्या ०.८८ पट' हे सूत्र सुचविले. नॉर्वेतील ३,३२० निरोगी प्रौढांच्या अभ्यासातून २०१३ मध्ये '२११ वजा वयाच्या ०.६४ पट' हे सूत्र पुढे आले. ५२ वर्षे वयाच्या स्त्रीसाठी ही चार सूत्रे अनुक्रमे १६८, १७२, १६० आणि १७८ असे आकडे देतात. एकाच व्यक्तीच्या बाबतीत सूत्रासूत्रांत १८ ठोक्यांचा फरक पडतो, ही बाब लक्षणीय आहे.

४. सरासरी व व्यक्ती :
सूत्रांतील परस्पर फरकापेक्षाही महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. सूत्र कितीही काटेकोर असले तरी समान वयाच्या व्यक्तींची प्रत्यक्ष कमाल हृदयगती त्या आकड्याभोवती विखुरलेली असते. उपरोक्त नॉर्वेतील अभ्यासात ही प्रमाण त्रुटी १०.८ ठोके इतकी होती. संख्याशास्त्राच्या परिभाषेत याचा अर्थ असा की, सूत्राने १७२ हा आकडा मिळत असेल, तर त्या वयाच्या सुमारे ९५ टक्के व्यक्तींची खरी कमाल हृदयगती १५० ते १९४ यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. सरासरी उंचीवरून प्रत्येकाचे कपडे शिवले तर जे होईल, तेच येथेही होते.

विश्रांतीतील हृदयगतीचा विचार न करणे ही दुसरी उणीव होय. फिनलंडचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ मार्टी कार्व्होनेन व सहकाऱ्यांनी १९५७ मध्येच याकडे लक्ष वेधले होते. मोजक्या तरुणांना चार आठवडे धावपट्टीवर सराव देऊन त्यांनी असे दाखविले की, सरावाचा परिणाम दिसण्यासाठी हृदयगती विश्रांत व कमाल पातळीमधील अंतराच्या सुमारे ६० टक्के इतकी तरी वाढावी लागते. कमाल हृदयगतीतून विश्रांत हृदयगती वजा केली असता जे उरते, तिला राखीव हृदयगती म्हणतात. तिचा अपेक्षित टक्का काढून त्यात विश्रांत हृदयगती पुन्हा मिळविली की लक्ष्य हृदयगती मिळते. सध्याच्या प्रचलित वर्गीकरणानुसार राखीव हृदयगतीच्या ४० ते ५९ टक्के म्हणजे मध्यम, तर ६० ते ८९ टक्के म्हणजे जोरकस तीव्रता होय. कमाल हृदयगतीच्या भाषेत मध्यम तीव्रता ६४ ते ७६ टक्के अशी मानली जाते.

यातील भेद एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ५२ वर्षे वयाच्या दोन व्यक्ती कल्पिल्या आणि दोघांची कमाल हृदयगती १७२ मानली, तर भिंतीवरचा तक्ता दोघांनाही ११० ते १३१ ठोक्यांदरम्यान व्यायाम करण्यास सांगेल. पहिली व्यक्ती बैठे काम करणारी असून तिची विश्रांत हृदयगती ७८ आहे. दुसरी नियमित धावणारी असून तिची विश्रांत हृदयगती ५८ आहे. राखीव हृदयगतीनुसार पहिलीची मध्यम तीव्रता ११६ ते १३३, तर दुसरीची १०४ ते १२५ येते. म्हणजेच ११० या पातळीवर पहिलीचे श्रम मध्यम तीव्रतेपर्यंत पोहोचलेलेही नसतात आणि १३१ या पातळीवर दुसरी व्यक्ती जोरकस तीव्रतेत शिरलेली असते.

आता पहिल्या व्यक्तीची खरी कमाल हृदयगती १७२ नसून १५० आहे असे मानले, तर १३३ ठोके हे तिच्या राखीव क्षमतेच्या ५९ टक्के नव्हे, तर ७६ टक्के ठरतात. 'मध्यम' समजून केलेला तिचा व्यायाम प्रत्यक्षात जोरकस असतो. उलटपक्षी तिची कमाल हृदयगती १९४ असेल, तर ११६ ठोक्यांवर ती केवळ ३३ टक्क्यांवर असते आणि महिनोन्महिने तक्त्याप्रमाणे चालूनही अपेक्षित लाभ पदरी पडत नाही. पहिल्या स्थितीत व्यक्ती व्यायाम सोडून देते किंवा धोका पत्करते. दुसऱ्या स्थितीत 'व्यायामाने काही होत नाही' असा चुकीचा निष्कर्ष काढते. दोन्ही ठिकाणी दोष व्यक्तीचा नसून मापाचा असतो. म्हणूनच कार्व्होनेन यांची पद्धत अधिक न्याय्य असली तरी तीत घातलेला कमाल हृदयगतीचा आकडा अंदाजाचा असल्यास तीही पडताळून पाहणे आवश्यक ठरते.

५. हृदयगती दिशाभूल करते असे प्रसंग :
पुढील परिस्थितींत हृदयगतीवर एकट्याने विसंबून राहणे युक्त नाही.

(अ) औषधे : उच्च रक्तदाब व हृदयविकारात दिली जाणारी ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी बीटा-रोधक औषधे विश्रांत व कमाल अशा दोन्ही हृदयगती कमी करतात. अशी औषधे घेणाऱ्या व्यक्तीने तक्त्यातील आकडा गाठण्याचा आग्रह धरणे धोक्याचे आहे.

(आ) मधुमेह : दीर्घकालीन मधुमेहात हृदयाच्या स्वायत्त मज्जातंतूंना इजा झाल्यास विश्रांतीत गती वाढलेली राहते आणि श्रमानुसार ती पुरेशी वाढत नाही.

(इ) अनियमित नाडी : ठोक्यांत नियमितता नसेल, तर १५ सेकंदांच्या मोजणीवरून काढलेला मिनिटाचा आकडा विश्वसनीय नसतो. अशी नाडी आढळल्यास प्रथम वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

(ई) उष्मा व घाम : एकाच वेगाने दीर्घकाळ व्यायाम केल्यास, विशेषतः उष्ण हवेत, शरीरातील पाणी घटते, त्वचेकडे अधिक रक्त वळविले जाते आणि श्रम तेवढेच असूनही हृदयगती हळूहळू वर चढत राहते. विदर्भ-मराठवाड्यातील एप्रिल-मे महिन्यांत जानेवारीतील वेग कायम राखणे म्हणजे हृदयावर अधिक भार टाकणे होय. अशा वेळी हृदयगती स्थिर ठेवून वेग कमी करणे इष्ट.

(उ) व्यायामप्रकार : पोहताना कमाल हृदयगती धावण्यापेक्षा सामान्यतः कमी राहते. वजन उचलण्याच्या व्यायामात हृदयगती व प्राणवायूचा वापर यांतील सरळ संबंधच टिकत नाही. सबब धावण्याचा तक्ता या प्रकारांना लावू नये.

(ऊ) उपकरणे : मनगटी उपकरणे त्वचेवर प्रकाश टाकून रक्तप्रवाहातील बदल टिपतात. हाताची हालचाल, सैल पट्टा यांमुळे त्यांत चूक संभवते. छातीवरील पट्टा हृदयाचे विद्युतसंकेत टिपत असल्याने तुलनेने अधिक अचूक असतो. शिवाय अनेक उपकरणांतील रंगीत पट्टे वयाधारित सूत्रावरच बेतलेले असतात. यंत्राने दाखविलेली नाडी अचूक असली तरी तिचा लावलेला अर्थ चुकीचा असू शकतो.

६. पडताळणीची साधने :
हृदयगतीस पूरक अशी दोन साधी साधने उपलब्ध आहेत. पहिले म्हणजे संभाषण चाचणी. मध्यम तीव्रतेच्या व्यायामात व्यक्ती बोलू शकते, परंतु गाऊ शकत नाही. जोरकस व्यायामात काही शब्दांनंतर श्वासासाठी थांबावे लागते. श्रम एका मर्यादेपलीकडे गेल्यावर श्वसनाचा वेग एकदम वाढतो, हे या चाचणीचे शास्त्रीय कारण होय. दुसरे साधन म्हणजे स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नर बोर्ग यांची श्रमजाणीव श्रेणी. ६ ते २० अंकांच्या या श्रेणीत व्यक्ती स्वतःस जाणवणाऱ्या श्रमास अंक देते. १२-१३ हे अंक मध्यम, तर १४ ते १७ हे जोरकस तीव्रता दर्शवितात. निरोगी प्रौढात या अंकास १० ने गुणल्यास हृदयगतीचा स्थूल अंदाज मिळावा, अशी तिची रचना आहे.

भारतीय परंपरेतही या विचाराशी जवळीक साधणारे निरीक्षण आढळते. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात आपल्या बळाच्या निम्म्याने व्यायाम करावा असे सांगितले असून, श्वास तोंडावाटे येऊ लागणे हे अर्धबळाचे लक्षण मानले आहे. अष्टांगहृदयात शीतकाळी व वसंतात अर्धशक्तीने आणि अन्य ऋतूंत त्याहून मंद व्यायाम करण्याचा निर्देश आहे. या वचनांना आधुनिक टक्केवारीचे समानार्थी मानणे अर्थातच योग्य होणार नाही. तथापि तीव्रतेचे माप व्यायाम करणाऱ्याच्या स्वतःच्या बळातून व श्वासातून घ्यावे आणि ऋतूनुसार बदलावे, ही दृष्टी दोन्हीकडे समान आहे.

७. व्यवहारातील पद्धती :
महाविद्यालयीन स्तरावर खालील क्रम अवलंबिता येईल.

१) विश्रांत हृदयगती सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, सलग चार-पाच दिवस पूर्ण एक मिनिट मोजून तिची सरासरी घ्यावी. ताप, जागरण असलेले दिवस वगळावेत.

२) नाडी मनगटाजवळ, अंगठ्याच्या मुळाशी, तर्जनी व मध्यमा यांनी मोजावी. मानेवरील नाडी जोराने दाबल्यास प्रतिक्षिप्त क्रियेने हृदयगती मंदावते, म्हणून ती टाळावी. व्यायाम थांबताच गती झपाट्याने उतरते. त्यामुळे थांबल्याबरोबर १५ सेकंद मोजून ४ ने गुणावे.

३) वयाधारित सूत्र व राखीव हृदयगती यांवरून प्राथमिक लक्ष्य काढावे आणि ते तात्पुरते समजावे.

४) मैदानावर सावकाश, नेहमीच्या व भरभर अशा तीन गतींनी प्रत्येकी पाच मिनिटे चालावे. प्रत्येक टप्प्याअखेर नाडी, संभाषणक्षमता व श्रमजाणिवेचा अंक नोंदवावा. ज्या नाडीवर बोलता येते पण गाता येत नाही, ती त्या व्यक्तीची मध्यम तीव्रता होय. तक्ता व ही नोंद यांत तफावत असल्यास नोंद ग्राह्य धरावी.

५) आठ ते बारा आठवड्यांनी ही नोंद पुन्हा घ्यावी. त्याच वेगाला नाडी कमी पडू लागणे हे प्रगतीचे चिन्ह होय. पूर्वीची हृदयगती गाठण्यासाठी आता वेग वाढवावा लागतो. अशा रीतीने हृदयगती व्यायामाची मात्रा आपोआप पुढे नेते.

हृदयविकार, मधुमेह, उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी आणि दीर्घकाळ बैठ्या सवयीनंतर जोरकस व्यायाम सुरू करू इच्छिणाऱ्यांनी प्रथम वैद्यकीय सल्ला घ्यावा. छातीत दुखणे, भोवळ, असाधारण धाप यांपैकी काहीही जाणवल्यास नाडीचा आकडा लक्ष्याच्या आत असला तरी व्यायाम तत्काळ थांबवावा.

८. निष्कर्ष :
हृदयगती हे व्यायामतीव्रतेचे सुलभ, स्वस्त आणि शास्त्रीय आधार असलेले माप आहे, यात शंका नाही. मात्र वयावरून काढलेली कमाल हृदयगती हा समूहाविषयीचा अंदाज आहे. समान वयाच्या निरोगी व्यक्तींत तो दोन्ही बाजूंना वीसहून अधिक ठोक्यांनी चुकू शकतो. म्हणून व्यायामशाळेतील तक्ता काढून टाकण्याची आवश्यकता नसली तरी त्याशेजारी संभाषण चाचणी व श्रमजाणीव श्रेणी लावणे आणि प्रत्येक विद्यार्थी व कर्मचाऱ्याची स्वतंत्र नोंद ठेवणे अगत्याचे आहे. शारीरिक शिक्षणाच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यांकडून केवळ वजाबाकी करून घेण्याऐवजी स्वतःची नाडी, श्वास व वेग यांचा मेळ घालून घेतल्यास, पदवीनंतर तक्ता व शिक्षक दोन्ही जवळ नसतानाही आपल्या व्यायामाची मात्रा ठरविण्याची क्षमता त्यांच्या ठायी निर्माण होईल.